शेक आणि केमो एकदमच? यांना झेपेल का?

सोलापूर जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देते.

त्यांचे पती ४९ वर्षांचे, जीप चालवतात. वीसेक वर्षं तंबाखू-चुना गालात धरायची सवय. डाव्या गालातली जखम काही केल्या भरेना म्हणून तपासलं, तर कॅन्सर निघाला. साडेतीन आठवड्यांपूर्वी ऑपरेशन झालं. गालाचा भाग, जबड्याचं थोडं हाड आणि मानेतल्या गाठी काढल्या. तपासणीचा रिपोर्ट असा: काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ, पण मानेतल्या तीन गाठींत रोग, आणि त्यातल्या एकीत तो गाठीचं आवरण फोडून बाहेर आलेला. आता डॉक्टर म्हणतात, सहा-साडेसहा आठवडे शेक (म्हणजे रेडिएशन, किरणांचा उपचार; कुणी याला 'लाईट' म्हणतात) द्यायचा आणि सोबत दर आठवड्याला केमोची सलाईन. साखरेच्या गोळ्या आधीपासून चालू आहेत.

घरात मात्र एकमत नाही. सासूबाई म्हणतात, "ऑपरेशननं आधीच वाळलाय, दोन्ही एकदम दिलं तर पोरगं हाती लागायचं नाही." दिरांचं म्हणणं, आधी शेक उरकू, अंगात ताकद आली की केमोचं बघू. शिवाय त्यांच्या मुलीचं लग्न पाच आठवड्यांवर आलंय, तर सुरुवातच लग्नानंतर करू. गल्लीतल्या एका गृहस्थांना असंच दोन्ही एकत्र दिलं होतं, ते तीन महिन्यांत गेले. आणि पतींना 'गाठ होती, काढली, परत येऊ नये म्हणून लाईट देणार' इतकंच सांगितलंय. ताई विचारतात: "दोन्ही एकदम द्यायचं म्हणतायत, म्हणजे आजार शेवटच्या पायरीला गेलाय का? आम्ही केमोला नाही म्हटलं तर चालेल का?"

ताई,

आधी शेवटच्या पायरीचं, कारण त्याच भीतीनं बाकीचे प्रश्न तुम्हाला नीट विचारू दिलेले नाहीत असं पत्र वाचताना वाटलं. आजार हाताबाहेर गेला असता तर सहा-साडेसहा आठवड्यांचा शेक कुणी लिहून दिला नसता. तेव्हा पाच किंवा दहा दिवसांचा छोटा शेक देतात, दुखणं कमी व्हावं, रक्त थांबावं एवढ्यापुरता. पूर्ण मुदतीचा शेक आणि सोबत केमो, हा बेत रोग मुळापासून जावा म्हणून आखतात. इतका त्रास रुग्णाला देण्याचं दुसरं कारणच नसतं. रिपोर्ट सौम्य नाही हे खरं. गाठीचं आवरण फुटलेलं असलं की रोग त्याच जागी परत डोकं काढायची धास्ती वाढते. पण म्हणूनच तर दोन्ही सांगितलंय.

आता तुमच्या घरात जो हिशेब चाललाय तो बघू. शेक हे एक मोठं औषध, केमो हे दुसरं मोठं औषध, दोन्ही एकदम म्हणजे डबल भार, तेव्हा एकेक करून घेतलं तर अंगाला सोसेल. ऐकायला अगदी शहाणपणाचं वाटतं. मी रेडिएशनच्या ओपीडीत बसायचे तेव्हा हे वाक्य शिकलेल्या-सवरलेल्या घरांतूनही ऐकलंय. पण यात एक गृहीत धरलेलं आहे की केमोचं काम वेगळं आहे. तुमच्या यजमानांच्या बाबतीत ते तसं नाही. इथे केमो शेकाच्या हाताखाली काम करते. शेकाचे किरण पेशीच्या आतला डीएनए तोडतात. कॅन्सरची पेशी रातोरात तो सांधायला घेते. सिस्प्लॅटिन नावाचं जे औषध सलाईनमधून देतात ते त्या डीएनएला चिकटून बसतं आणि सांधणं अवघड करतं. दिवसा भिंत पाडायची आणि रात्री गवंडी परत बांधायला आला तर त्याची थापी लपवून ठेवायची, तसला प्रकार. भिंत पाडून दोन महिने झाल्यावर थापी लपवून काय उपयोग? दिरांचा 'आधी शेक, मग केमो' हा बेत इथेच अडतो. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये जगभरच्या अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली तेव्हा शेकासोबत दिलेल्या केमोचा फायदा स्पष्ट दिसला. शेक संपल्यावर दिलेल्या केमोनं आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. म्हणजे दिरांच्या मार्गानं गेलात तर केमोचा त्रास तेवढा पदरात पडेल, फायदा नाही. 'फक्त शेक' आणि 'शेकासोबत केमो' हे दोन रस्ते खरे आहेत. तिसरा नाही.

फायदा किती? इथे मी गुळमुळीत बोलणार नाही. त्या मोजदादीत पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांची संख्या दर शंभरामागे साधारण सहा-सातांनी वाढलेली होती. कुणाला हा आकडा फार छोटा वाटेल, कुणाला त्या सहा-सातांत आपला माणूस असावा म्हणून काहीही सोसायची तयारी असेल. दोन्ही भावना रास्त आहेत. मात्र हा आकडा सगळ्या प्रकारच्या रुग्णांचा मिळून आहे. ऑपरेशन झालेल्यांत नेमका कुणाला जास्त फायदा, हे युरोप आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांतून पुढे आलं. त्या २००४ साली एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या. त्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा ज्यांच्या गाठीचं आवरण फुटलेलं होतं किंवा काढलेल्या भागाच्या कडेला रोग उरला होता, त्यांच्यात केमोचा उपयोग ठळक दिसला. तुमच्या रिपोर्टातलं ते आवरणाचं वाक्य म्हणजे डॉक्टरांच्या बेतामागचं कारण. ते वाक्य नसतं, तर ऑपरेशननंतर नुसता शेक पुरला असता अशी बरीच शक्यता होती. तेव्हा दुसऱ्या कुणाला 'आमच्या वेळी तर फक्त लाईट दिली' असं म्हणताना ऐकलंत तर गोंधळू नका. त्यांचा रिपोर्ट वेगळा असेल.

सासूबाईंची भीती मात्र खोटी नाही. दोन्ही एकत्र दिल्यावर तोंडातले छाले, उलट्या, अशक्तपणा हे सगळं नुसत्या शेकापेक्षा जास्त होतं. त्यांना 'काही होत नाही' असं सांगू नका, पहिल्या पंधरवड्यातच तुमचं म्हणणं खोटं पडेल आणि पुढे कुणी ऐकणार नाही. त्यांना हे सांगा: वाटेत खरंच झेपेनासं झालं तर केमोचा एखादा डोस पुढे ढकलता येतो, कमी करता येतो, सोडताही येतो. डॉक्टर दर आठवड्याला रक्त तपासून हेच ठरवत असतात. जे सोडायचं नाही ते शेकाचे दिवस.

हे मला जरा ठासून सांगू द्या. लोक केमोला घाबरतात आणि शेकाला गृहीत धरतात. 'आज कणकण आहे, उद्या जाऊ', 'पोळ्याला गावी जाऊन येऊ', 'गाडी मिळाली नाही'. शेकात खंड पडला की उरलेल्या कॅन्सरच्या पेशी त्या सुट्टीत झपाट्यानं वाढतात. उपचार जितके दिवस लांबतो, तितक्या दिवसांमागे साधारण एकेक टक्क्यानं रोग आटोक्यात राहायची शक्यता घटते, असा अंदाज आहे. म्हणजे आठवडाभर घरी बसलं तर केमोनं जे मिळणार होतं तेवढं हातचं गेलं. मशीन बंद पडलं किंवा सणाची सुट्टी आली आणि दिवस बुडालाच, तर शनिवारी बोलावून किंवा एका दिवशी सहा तासांच्या अंतरानं दोनदा शेक देऊन भरून काढता येतं. ते आपणहून विचारायचं. लाजायचं नाही.

लग्नाचा प्रश्नही यातच सुटतो. ऑपरेशननंतर शेक सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा असा दंडक आहे. तुमचे साडेतीन झालेत. पाच आठवडे थांबलात तर साडेआठ होतील, त्यावर मास्क बनवायचे आणि आखणीचे दिवस. एवढा उशीर करू नका. शेक सोमवार ते शुक्रवार असतो. येत्या दोन-अडीच आठवड्यांत सुरू केलात तर लग्नाच्या सुमाराला तिसरा-चौथा आठवडा चालू असेल. तोंड आलेलं असेल, पंगतीत बसता येणार नाही, पण शनिवार-रविवारची तिथी असेल तर अक्षता टाकायला ते नक्की जाऊ शकतील. घरून दुधाचा थर्मास न्या आणि तासाभरात परत या. आडवारी लग्न असेल तर सकाळचा पहिला नंबर मागून घ्या. पुतणीला काका लग्नात हवे असतील, तसे पुढच्या वर्षीच्या दिवाळीलाही हवे असतील. दिरांशी हेच बोला. त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसणार.

केमोला नाही म्हणण्याची खरी कारणंही असतात. सासूबाईंच्या यादीत ती नाहीत, म्हणून सांगते. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडावर ताण टाकतं आणि कानांवर परिणाम करतं, कधी कायमचा. म्हणून सुरुवातीआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) आणि कानाची तपासणी झालीच पाहिजे. यजमान जीप चालवतात, मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐकू येणं त्यांच्या पोटाशी बांधलेलं आहे. आत्ताच कमी ऐकू येत असेल, कानात सतत आवाज येत असेल, हातापायांना साखरेमुळे मुंग्या येत असतील, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. अशा रुग्णांसाठी दुसरा रस्ता आता आहे आणि तो आपल्याच मुंबईत तपासला गेलाय. ज्यांना सिस्प्लॅटिन देता येत नाही अशा ३५६ रुग्णांवर टाटा मेमोरियलमध्ये अभ्यास झाला. अर्ध्यांना नुसता शेक, अर्ध्यांना शेकासोबत दर आठवड्याला डोसिटॅक्सेलचा अगदी छोटा डोस. २०२३ साली निष्कर्ष आले. दोन वर्षांनी जिवंत असणारे नुसत्या शेकात शंभरातले सुमारे ४२, डोसिटॅक्सेलसह सुमारे ५१. दोन्ही औषधं जुनी आहेत, त्या लाखालाखाच्या इंजेक्शनांसारखी नाहीत. ज्यांच्या घरचा रुग्ण सत्तरीच्या पुढचा आहे त्यांनी हेही ध्यानात घ्यावं की वय वाढेल तसा सोबतच्या केमोचा फायदा कमी होत जातो आणि त्या वयात तो जवळपास उरत नाही. तिथे नुसता शेक घेणं म्हणजे अर्धवट उपचार नव्हे.

डोसाबद्दल एक प्रश्न जरूर विचारा. सिस्प्लॅटिन दोन पद्धतींनी देतात: तीन आठवड्यांतून एकदा मोठा डोस, किंवा दर आठवड्याला छोटा. टाटा मेमोरियलनं ३०० रुग्णांत दोन्हींची तुलना केली. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १०० मिलिग्रॅमचा मोठा डोस घेणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांचा रोग दोन वर्षांनी तोंड-मानेत आटोक्यात होता, आठवड्याला ३० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत ५८ टक्क्यांचा. त्रास अर्थातच मोठ्या डोसात जास्त. पण जपानमध्ये ऑपरेशन झालेल्या रुग्णांना आठवड्याला ४० मिलिग्रॅम देऊन पाहिलं तेव्हा ते मोठ्या डोसापेक्षा उणं ठरलं नाही, आणि सोसायलाही सोपं गेलं. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, "आठवड्याचा डोस ३० चा की ४० चा?" चांगला डॉक्टर या प्रश्नानं चिडत नाही. ३० चा सांगितला तर त्याचं कारण विचारा. कारण असूही शकतं.

गल्लीतल्या त्या गृहस्थांचं काय झालं ते मला माहीत नाही, तुम्हालाही पुरतं माहीत नसावं. आजार कुठल्या जागेचा होता, किती पसरला होता, शेक पूर्ण झाला का, मध्येच घरी नेलं का, यातलं काहीच पत्रात नाही. आपल्याकडे उपचार चालू असताना माणूस गेला की बोल उपचाराला लागतो. त्या घरी जाऊन आलात तर एवढंच विचारा की शेवटच्या महिन्यात त्यांना खाता येत होतं का. कारण या उपचारात माणूस खचतो तो बहुतेक वेळा पोटात अन्न न गेल्यानं. तुमच्या घरातलं खरं काम इथे आहे आणि त्याची चर्चा पत्रात कुठेच नाही.

काय होतं ते आठवड्यांच्या क्रमानं सांगते. पहिल्यांदा मास्क बनवतात. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर-खांद्यावर दाबतात, पाच-दहा मिनिटांत ती घट्ट होते. रोज हा मास्क लावून टेबलावर निजायचं, मास्क टेबलाला खटाखट अडकवतात. काहींचा जीव घुसमटतो. आधी सांगून ठेवा की नाकातोंडानं श्वास नीट घेता येतो आणि हात वर केला की लोक लगेच आत येतात. शेक घेताना दुखत नाही, भाजत नाही, काही जाणवतच नाही. पहिले दहा दिवस लोक म्हणतात, "एवढंच होय?" दुसरा आठवडा सरता सरता चव जाते. वरण, भाकरी, दूध, सगळं खडूसारखं. मग तोंड येतं, लाळ दोरीसारखी चिकट होते, आवंढा गिळताना काटे टोचतात. चौथ्या-पाचव्या आठवड्यात मानेची कातडी काळवंडते, सोलते, दाढी गळते. डोक्यावरचे केस या केमोनं सहसा जात नाहीत, शेकाच्या वाटेत मानेवर जेवढे येतील तेवढे जातात. सगळ्यात वाईट दिवस शेक संपल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत येतात. हे ठाऊक नसलं की घरची माणसं हबकतात, 'उपचार संपला आणि हे बिघडतायत'. त्यानंतर महिना-दीड महिन्यात तोंड भरून येतं. चव हळूहळू येते. लाळेला मात्र महिने लागतात आणि ती पूर्वीइतकी येतेच असं नाही.

म्हणून पहिल्या दिवसापासून ठेचा, चटणी, लिंबू, गरमागरम चहा बंद. भाकरी खायचीच असेल तर दुधात तासभर भिजत घालून, हातानं पार कुस्करून, वरून साजूक तूप. नाचणीची पेज, मऊ मुगाची खिचडी, उकडलेलं अंडं ताकात मिक्सरला लावून, शेंगदाण्याचं कूट पिठासारखं बारीक करून दुधात. साखर आहे म्हणून लोक या काळात रुग्णाला उपाशी ठेवतात. तसं करू नका. उलटी होऊ नये म्हणून केमोच्या दिवशी जे स्टेरॉइड देतात त्यानंही साखर उसळते. त्यासाठी गोळ्या बदलतील, लागलं तर महिनाभर इन्सुलिन देतील, पण पोटात अन्न जायलाच हवं. दर सोमवारी एकाच काट्यावर वजन करा. वजन उतरलं की मास्क सैल होतो आणि किरणांचा नेम हुकायला लागतो, इतकं ते महत्त्वाचं आहे. वजन घसरू लागलं आणि गिळवेना झालं तर डॉक्टर नाकातून नळी घालायला सांगतील. नळीचं नाव काढलं की आपल्याकडे घरात रडारड होते. ती तात्पुरती असते. तिच्यातून दूध, पेज, औषधं सगळं जातं आणि तोंडाला विश्रांती मिळते. नळीला दहा दिवस नाही म्हणत बसून मग सलाईनवर आणलेले रुग्ण मी पुष्कळ पाहिलेत.

गुळण्या दिवसातून सात-आठदा: ग्लासभर कोमट पाणी, पाव चमचा मीठ, पाव चमचा खाण्याचा सोडा. बाजारातले झणझणीत माउथवॉश नकोत. केमोच्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस पाणी भरपूर, डॉक्टर सांगतील तितकं. मेडिकलमधून आपल्या मनानं दुखण्याची गोळी आणून देऊ नका, बऱ्याचशा गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात आणि इथे आधीच सिस्प्लॅटिन आहे. त्याच कारणानं काढे आणि भस्मंही हे दोन-अडीच महिने बाजूला ठेवा. ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. आणि शेक सुरू होण्याआधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा. किडलेले, हलणारे दात आत्ताच काढावे लागतात आणि ती जखम भरायला दोनेक आठवडे जातात, म्हणजे तुमच्याकडे आजपासून एकही दिवस फुकट घालवायला नाही. शेक मिळालेल्या जबड्यातला दात पुढे केव्हाही परस्पर उपटला तर हाड सडायचा धोका असतो. ही गोष्ट त्यांच्या फायलीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण आठ वर्षांनी गावातल्या दाताच्या दवाखान्यात ती कुणालाही आठवणार नाही.

तोंड उघडायचा व्यायामही आजपासूनच. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये सरकवायच्या, आठवड्याला जमेल तशी एकेक वाढवायची. गालाच्या ऑपरेशनवर शेक बसला की जबडा आखडतो, आणि एकदा आखडला की सुटायला फार जड जातं.

पत्र तिसऱ्यांदा वाचताना मात्र मी दुसऱ्याच एका गोष्टीपाशी थांबले. सासूबाईंचं मत आहे, दिरांचं आहे, तुमचं आहे, गल्लीचंही आहे. ज्यांच्या तोंडात छाले येणार त्यांचं मत कुठे आहे? त्यांना 'कॅन्सर' हा शब्द सांगितलेला नाही. ताई, ४९ वर्षांचा जीप चालवणारा माणूस, रोज दहा माणसांशी बोलणारा. गालाचा तुकडा आणि जबड्याचं हाड काढून दिल्यावर त्यांना काहीच कळलं नसेल? रेडिएशनच्या बाहेरच्या बाकड्यावर शेजारी बसलेला पहिलाच रुग्ण विचारणार, "तुमचा कुठला कॅन्सर?" तिथून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं. शिवाय केमोच्या संमतीपत्रावर सही त्यांची लागते. आणि पाचव्या आठवड्यात 'आता बास, घरी चला' असं ते म्हणतील तेव्हा त्यांना थांबवायला तुमच्या हातात काय असेल? हे कशासाठी सोसायचं ते ज्याला माहीत नाही, तो का सोसेल?

सगळं एकदम सांगायची गरज नाही. संध्याकाळी दोघंच असताना विचारा, "तुम्हाला काय वाटतं, हे कशाचं चाललंय?" पुष्कळदा उत्तर येतं, "कॅन्सरच आहे ना? तुम्ही लोक बोलत नव्हता म्हणून मीही बोललो नाही." नाहीच आलं उत्तर, तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना आधी गाठून विनंती करा की तुमच्यासमोर त्यांना सांगा: रोग काढलाय, उरलेसुरले कण राहू नयेत म्हणून हे आहे, बरं होण्यासाठीच आहे. खरं आणि धीराचं, दोन्ही. मग केमो घ्यायची का, हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा. दोन्ही बाजू ऐकून त्यांनी नुसता शेक निवडला, तर तो त्यांचा निर्णय, आणि तो मूर्खपणाचा म्हणता येणार नाही. माझं मत विचाराल तर मूत्रपिंड आणि कान ठीक असतील तर या वयात आणि या रिपोर्टावर मी केमो सोबत घ्यायला सांगेन.

तंबाखूचं त्यांच्याशी आत्ताच बोला, पण 'तुमच्यामुळेच झालं' या सुरात नको. शेक चालू असताना गालात पुन्हा तंबाखू गेली तर छाले भरत नाहीत आणि पुढे दुसरा कॅन्सर व्हायचं भय राहतं. जीपच्या कप्प्यातली पुडी तुम्हीच काढून टाका.

पैशांचं तुम्ही फारसं लिहिलेलं नाही, तरी वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन, शेक आणि केमो तिन्ही बसतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशन कार्ड, आधार आणि तपासणीचा रिपोर्ट घेऊन आधी तिथे जा, शेकाची तारीख नंतर घ्या. आधी पैसे भरून मग योजना लावू म्हणणाऱ्यांची फार परवड होते. रेल्वेत आणि एसटीत कॅन्सर रुग्णाला सवलत आहे, दवाखान्याचा दाखला लागतो. तीस-तेहतीस दिवस रोज ये-जा करायची आहे, तेव्हा मशीन जवळ असणं हे मोठ्या नावापेक्षा मोलाचं. तुमच्या जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे, शेकाची सोय आहे. मुंबईला जायचंच ठरलं तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सरच्या रुग्णांची राहायची सोय होते, पण जागा आधी चौकशी करून धरावी लागते. सोबत कोण राहणार, हे दिरांना विचारा. लग्नघर असलं तरी आठवड्यातले दोन दिवस त्यांनी वाटून घ्यायला हरकत नसावी. तीस फेऱ्या तुम्ही एकटीनं केल्यात तर शेवटच्या आठवड्यात दोन रुग्ण असतील.

घशाच्या किंवा स्वरयंत्राच्या कॅन्सरच्या रुग्णांनी हे उत्तर आपल्याला जसंच्या तसं लावू नये. तिथे कित्येकदा ऑपरेशनऐवजीच शेक आणि केमो एकत्र देतात, आवाज वाचावा म्हणून. तोंडाच्या कॅन्सरमध्ये शक्य असेल तिथे आधी ऑपरेशनच. 'आमच्या काकांना कापलंच नाही, नुसत्या लाईटवर बरे झाले' हे खरं असेल, पण जागा वेगळी.

शेक संपल्यावर पहिली दोन वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी चुकवू नका. रोग परतायचा तर बहुतेकदा याच काळात परततो. मानेला शेक मिळालेल्यांत थायरॉइड मंदावतं, तेव्हा वर्षातून एकदा-दोनदा ते रक्तही तपासा. आणि पत्रात ओझरता उल्लेख आहे की सासूबाई सकाळी मशेरी लावतात. यजमानांना दाताच्या डॉक्टरांकडे न्याल, त्याच फेरीत त्यांनाही न्या. गालात पांढरा-लाल चट्टा आहे का, तोंडात तीन बोटं उभी मावतात का, एवढं बघायला पाच मिनिटं लागतात. त्या नाही म्हणतील. मुलानं सांगितलं तर येतील.